सभापतीचं दाणापाणी

फोन आला तेव्हा आमची एसटी मांजरसुंब्याच्या फाट्यावर उभी होती. मी खिडकीशी बसलेलो, मांडीवर बीडहून आणलेली राळ्याची पिशवी. फोन माझ्या दुकानाशेजारच्या पानवाल्याचा होता आणि तो आधी नुसताच रडत होता. मग म्हणाला, "वसंतशेठ, आपले अण्णा गेले हो... चहा पिता पिता गेले."  खाली धाब्यावर कुणी तरी ऑर्डर ओरडत होतं, कंडक्टर दोरी ओढत होता, आणि मला एवढंच सुचलं, की आता या राळ्याचं करायचं काय? राळं म्हणजे मोहरीएवढं बारीक, पिवळं धान्य. आमच्या लहानपणी घरोघरी त्याचा भात व्हायचा, आता ते पाखरांच्या खाद्याच्या दुकानात मिळतं. भानुदासनंच, म्हणजे गावाच्या या अण्णानंच, मला ते आणायला लावलं होतं. "बीडला चाललाच हायेस तर तेवढं राळं घिऊन ये. मागच्या बारीसारखं नको, त्यात माती लई होती. बघून घे, नुसतंच पिशवीत वतू नको." म्हणजे जाता जाता माझ्यासाठी शेवटचा निरोप काय ठेवला बेट्यानं, तर काम! आणि मी ते मुकाट्यानं करून परत निघालो होतो.

गावात पोहोचलो तर वेशीपासूनच गाड्या लागलेल्या. अख्ख्या केज तालुक्यातली माणसं आली होती. एरवी एकमेकांच्या लग्नाला न जाणारे दोन्ही गटांचे पुढारी एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले होते. बाया तर अशा रडत होत्या, जणू प्रत्येकीचा सख्खा भाऊ गेलाय. मी पिशवी छातीशी धरून मागं उभा होतो आणि, खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मी माणसं मोजली. मनात आलं, आपण जाऊ तेव्हा यातली निम्मी तरी येतील का? भानुदासच्या समाजकार्याविषयी बोलायचं ते श्रद्धांजलीच्या सभेत बोलून झालंय, माइक खरखरेपर्यंत बोलून झालंय. मला जे ठाऊक आहे ते मी लिहितो. मी या माणसाचा सगळ्यात जुना मित्र होतो आणि आयुष्यभर मी त्याच्यावर जळलो. त्याची माफीबिफी मागायला मी बसलेलो नाही. त्यानं जाळलं म्हणून मी जळलो.

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. उत्तर मला यायचं आणि गुरुजी हसायचे त्याच्याकडे बघून. आमच्या मळ्यातला बैल मला शिंगं दाखवायचा आणि याच्या हातून गुमान पेंड खायचा. पुढं तो सरपंच झाला, सगळ्यांचा अण्णा झाला. मी रस्त्यावर बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान टाकलं. रोज संध्याकाळी हा माणूस माझ्या दुकानात येणार, समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत पाय पसरून बसणार आणि मला म्हणणार, "काय बे वश्या, धंदापाणी?" गिऱ्हाईक यायचं, माझ्या काउंटरवर हात टेकायचं आणि मान वळवून त्याला विचारायचं, "अण्णा, औंदा कंचं बी घेऊ?" दुकान माझं, बी माझं, त्यातली अक्कल माझी! तो म्हणायचा, "मला काय कळतंय बाबा, वश्याला इचार." त्यावर गिऱ्हाइकाला वाटायचं, काय साधा माणूस आहे! माझं डोकं आणखीच फिरायचं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण पाखराचं मात्र मला गिळता आलं नाही.

माझी मुलगी अर्चना पुण्याला असते. माझं वय झालं, दुकानात एकटं बसून मी चिडचिड करतो, असं तिला तिच्या आईनं फोनवर सांगितलं असणार. तिनं मला पोपट आणून दिला. आपला हिरवा रावा नव्हे, तो पाळायला कायद्यानं बंदी आहे. हा परदेशी जातीचा, कॉकाटील म्हणतात त्याला. राखाडी अंग, पिवळा तुरा आणि गालावर शेंदराचा टिळा लावल्यासारखे ठिपके. आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणून काही तरी जिवंत माझ्याकडे आलं होतं. बायको मंगल हसायची, पण मी पहाटे उठून त्याच्या पिंजऱ्यासमोर बसायचो आणि दिवसा पिंजरा दुकानात नेऊन ठेवायचो. बियाण्याचा धंदा माझा, त्यामुळे त्याला काय कमी करायचं? उत्तम सूर्यफुलाच्या बिया आणून वाटी शिगोशीग भरून ठेवायचो. पाखरू त्यावर तुटून पडायचं, चोचीत बी फिरवून गर काढायचं, टरफल टाकायचं आणि पुन्हा खायचं. मला समाधान वाटायचं. पण हात आत घातला, की ते पार मागच्या जाळीला जाऊन चिकटायचं आणि माझ्यावर फिसफिसायचं. मी म्हटलं, होईल सवय.

आणि एका संध्याकाळी भानुदास आला. खुर्ची पिंजऱ्याजवळ ओढली, वाकून बघितलं. पाखरानं तुरा ताठ केला. "आयला! हे तर आपल्या जुन्या सभापतीवानी दिसतंय बे. कुणी इरोध केला की फेटा वर!" झालं. अर्चनानं ठेवलेलं नाव गेलं आणि सगळं गाव त्याला सभापती म्हणायला लागलं. मी ठेवलेली वाटी त्यानं हातात घेतली आणि आत फुंकर मारली. वरची सगळी फोलपटं माझ्या शर्टावर. "वरून भरल्याली दिसती, खाली काय न्हाई. पाखरू उपाशी मारशील एखाद्या दिवशी." मग तो रोज यायचा, आधी फुंकर मारायचा, आणि फोलपटं रोज माझ्यावरच यायची. थोड्याच दिवसांत सभापती त्याच्या मनगटावर चढून बसायला लागला. मनगटावरून बाहीवर, बाहीवरून खांद्यावर. मी काउंटरमागून बघत होतो. जिवाची नुसती लाही होत होती.

पाखरू फार सुस्त झालं म्हणून आम्ही दोघं त्याला बीडला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. पिंजरा माझ्या मांडीवर, पाखरू त्याच्या खांद्यावर. डॉक्टरांनी छाती चाचपली आणि विचारलं, "सूर्यफूलच देता ना नुसतं? तुम्ही रोज तिन्ही त्रिकाळ भजी खाल्लीत तर काय होईल? चरबी चढलीय याला. असंच चाललं तर काळीज खराब होऊन जाईल." त्यांनी सांगितलं, की दाण्यात जास्त करून बारीक धान्यं हवीत, राळं, बाजरी, भगर. करडई थोडी. सूर्यफूल अगदी बोटांवर मोजण्याइतकं. बरोबर हिरवा पाला, मेथी, कोथिंबीर, शेवगा. चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा. खारे दाणे, फरसाण काही नाही. आणि पाखराला सगळं एकत्र दिलं की ते आवडीचं तेवढं वेचून खातं, बाकीचं टाकतं, तर एक संपल्याशिवाय दुसरं भरू नका. हे सगळं डॉक्टर कुणाकडे बघून सांगत होते? भानुदासकडे. पाखराचा मालक कोण हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हापासून सभापतीच्या दाण्याचं खातं भानुदासनं आपल्याकडे घेतलं. माझ्याच दुकानात, माझ्याच सुपात मिसळण पाखडत बसायचा. एक दिवस मला काही कामानिमित्त आत जावं लागलं. बाहेर येऊन बघतो, तर याच्या पंज्यात पेरणीची बाजरी. पिशवी फोडून घेतलेली, गुलाबी गुलाबी. मी ओरडलो, "टाक ते! औषध लावलेलं बी हाय, पेरायचं हाय ते. एका दाण्यानं मरंल!" त्यानं हात झटकला, साबणानं धुतला. सभापती वाचला तो माझ्यामुळे, हे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पारावर हा सगळ्यांना सांगत होता, "पाखराला, कोंबड्याला पेरणीचं बी घालू नका रे, औषध असतंय त्याला." आणि लोक माना डोलावत होते, अण्णांना किती बारीक माहिती! "वश्यानं सांगितलं" असं तो म्हणाला होता, असं पानवाला म्हणतो. म्हणाला असेल. कुणाला ऐकू आलं?

मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. पुण्याला अर्चनाकडे राहणं भाग होतं, म्हणून पाखरू भानुदासच्या घरी ठेवलं. त्याच्या घरी शकुंतलावहिनींचं राज्य. वहिनी एकादशी करतात, नुसती आषाढी-कार्तिकी नव्हे, महिन्याच्या दोन्ही. मी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून परत आलो, ते पाखरू आणायला गेलो, तर सभापतीच्या वाटीत नुसती भगर. वहिनी म्हणाल्या, "आज एकादस हाय ना भाऊजी. घरात राहतंय तर बाजरी कशी चालंल? दशमीलाच निवडून काढते मी." मी म्हटलं, वहिनी, पाखराला कसला उपास? तर म्हणाल्या, "डॉक्टरनं भगर द्या म्हणून सांगितली हाय न्हवं? मग डॉक्टरचं बी ऐकलं आन देवाचं बी." भानुदास मागून डोळे मिचकावत होता. खरं सांगायचं तर पाखरू छान सडपातळ झालं होतं, पिसांवर चकाकी आली होती. मी पिंजरा उचलून घरी आणला. दिवसभर त्या पाखरानं असा कालवा केला, की मंगलनं कानात कापूस घातला. तुरा ताठ, चोच जाळीवर, मी दिसलो की फिसफिस. संध्याकाळी मी पिंजरा घेऊन परत त्याच्या दारात. भानुदास म्हणाला, "तुझंच हाय बे, मी काय नेऊन ठिवलं व्हतं का?" एवढं म्हणेपर्यंत पाखरू त्याच्या खांद्यावर. कावून? का म्हणून नेहमी यालाच? वाटेनं मी स्वतःशी बोलत आलो. माणसं घे, गाव घे, गुरुजी घे, बैल घे, पण माझ्या लेकीनं मला दिलेलं मूठभर पाखरूसुद्धा तुला पाहिजे? त्या रात्री मी जेवलो नाही. मंगल म्हणाली, या वयात रुसून बसता, लाज वाटत नाही का? नव्हती वाटत.

तरी तो दुसऱ्या दिवशी दुकानात आलाच. पाखराला खांद्यावर घेऊन आला, खुर्चीत बसला, "काय बे वश्या." आणि मग रोजच तसं. पाखरू त्याचं झालं आणि मला रोज बघायला मिळू लागलं. दाणे पाखडताना मधूनमधून त्याचा हात शर्टाच्या खिशात जायचा. मला वाटायचं, तंबाखू.

तो गेल्यावर दहावा झाला, तेरावा झाला. चौदाव्या दिवशी वहिनींनी पिंजरा माझ्याकडे पाठवून दिला. "तुमचंच हाय भाऊजी, मला त्येच्याकडं बघवत न्हाई." खरं सांगू, पिंजरा हातात घेताना मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आला शेवटी माझ्याकडे. जिंकलो. एवढा जिंकलो, की रात्रभर छताकडे बघत पडलो.

पण सभापतीनं दाण्याला तोंड लावायचं सोडलं. बीडहून छातीशी धरून आणलेल्या त्याच पिशवीतलं राळं, शिवाय बाजरी, भगर, सगळं मी पाखडून, निवडून दिलं. वाटीवर फुंकर मारायला गेलो तर फोलपटंच नव्हती. अधूनमधून दोन दाणे टोचायचा, पुन्हा कोपऱ्यात पिसं फुगवून बसायचा. सूर्यफुलाची वाटी भरून ठेवली, डॉक्टर गेले खड्ड्यात म्हटलं, तर त्याकडे बघितलंसुद्धा नाही. छातीचं हाड बोटाला लागायला लागलं. बीडच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जिवाला लावून घेतलंय त्यानं, काही करून चारा, असंच राहिलं तर फार दिवस नाही टिकणार. मला रडू फुटलं. भानुदासच्या चितेसमोर आलं नाही तेवढं आलं. मी पिंजऱ्यापुढे बसून त्याला शिव्या दिल्या. पाखराला नव्हे, भानुदासला. गेलास तर गेलास, हेही बरोबर घेऊन चाललास? माझ्याकडे काही राहूच द्यायचं नाही का रे?

शकुंतलावहिनी मंगलला भेटायला आल्या होत्या, त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आत आल्या, पिंजऱ्यात बघितलं, मला म्हणाल्या, "भाऊजी, खिशातलं देताव का न्हाई?"

"कसलं खिशातलं?"

"आवो, सूर्यफूल. मिसळणीतलं सूर्यफूल सगळं निवडून घ्यायचे आन खिशात ठिवायचे. वाटीत एक बी न्हाई. दिवसभर येक येक दाणा हातानं. एकादशीला बी द्यायचे चोरून. मला काय कळत न्हाई व्हय? शर्ट मीच धुते ना. खिशात नुसती टरफलं."

 म्हणजे ही गंमत! गेली कित्येक वर्षं मी जी जादू समजून जळत होतो ती ही. मी वाटी शिगोशीग भरून ठेवायचो, मग पाखराला माझ्या हाताचं कामच काय? वाटी होती ना. भानुदासनं आवडीचं तेवढं वाटीतून काढलं आणि स्वतःजवळ ठेवलं, की ज्याला पाहिजे त्यानं यावं आणि घ्यावं. फसवलं साल्यानं, म्हणून मी हसलो, आणि वहिनीही तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसताना बघितलं.

त्या गेल्यावर बसल्या बसल्या मला एकेक आठवायला लागलं. माणसांशीही तो हेच करायचा. पाटलाच्या सुनेला तिच्या माहेरच्या पिकाचं विचारायचा, पानवाल्याला त्याच्या तब्येतीचं. ज्याचं जे, तेवढं त्याच्याच पुढं काढायचा. मी मात्र कुणी भेटलं की मला ठाऊक असलेलं सगळं एकदम ओतायचो आणि माणसं दुसऱ्या दिवशी का येत नाहीत म्हणून रुसायचो. आणि मग हेही आठवलं, की रोज संध्याकाळी खुर्चीत बसल्यावर तो आधी रस्त्याकडे बघून घ्यायचा, कुणी नाही ना, आणि मग मला काही तरी सांगायचा. पोराच्या लग्नाचं जमतंय, पंचायतीत कोण फुटणार, छातीत कधी कधी कळ येते पण घरी बोलू नको. गावात कुणाला कळायच्या आधी मला. त्याच्या खिशात माझाही दाणा असायचा रोज, आणि मी तो खाऊन पुन्हा त्याच्यावरच फिसफिसायचो.

मी शर्टाच्या खिशात सूर्यफुलाच्या बिया टाकल्या आणि वाटीतल्या सगळ्या काढून घेतल्या. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून दुकानात बसलो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी एक बी बोटात धरून हात तसाच लांब करून बसलो, हाताला मुंग्या आल्या, गिऱ्हाईक हसायला लागलं. सभापतीनं मान वाकडी करून बघितलं आणि पाठ फिरवली. मी म्हटलं, फिरव बाबा. रोज तसाच बसायला लागलो. मंगलनं विचारलं, शर्टाला वास कसला येतोय? म्हटलं, धंद्याचा.

परवा संध्याकाळी तो आला. दाराच्या कडेवरून उडाला, काउंटरवर उतरला, थांबला. मग माझ्या मनगटावर त्याच्या नख्या टोचल्या. मी श्वास घेतला नाही. मनगटावरून बाहीवर, बाहीवरून खांद्यावर. मान खाली घालून थेट खिशात चोच घातली आणि एक बी बाहेर काढली. कडकन फोडली. पुन्हा चोच खिशात.

आणि मी काय केलं, तर समोर बघितलं. त्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे. मला त्याचं तोंड बघायचं होतं. जन्मभर मी त्याच्याकडे बघून जळलो, आज एकदा, फक्त एकदा, त्यानं माझ्याकडे बघून जळायला पाहिजे होतं. "बघ बे भान्या" म्हणायला माझं तोंडसुद्धा उघडलं होतं... खुर्ची मोकळी होती. सभापती खांद्यावर बसून फोलपटं माझ्याच शर्टावर उडवत होता आणि जळायला कुणीच नव्हतं.